काळोखाच्या चौकटी

मालन शेंडगेंनी बोट वर केलं तेव्हा निवेदिता खोलीतच होती.

साठी ओलांडलेली एक बाई टेबलावर उताणी पडली आहे आणि तिनं उजव्या हाताचं बोट उंचावलं आहे, यात बाहेरच्या माणसाला भिण्यासारखं काही दिसलं नसतं. पण विट्याच्या पुढे माळावर बांधलेल्या त्या कर्करोग केंद्रात बोट कधी वर करायचं हे ठरलेलं होतं, आणि ते ठरवलं होतं निवेदिता कोळेकरनंच. ती तिथली किरणोपचाराची टेक्नॉलॉजिस्ट. पेशंटला टेबलावर नीट झोपवायचं, यंत्राचं तोंड गाठीवर बरोबर आणायचं, बाहेर जाऊन दार लावायचं आणि बटण दाबायचं, हे तिचं काम.

दोन वर्षांपूर्वी, म्हणजे २०३६ साली, केंद्रात नवं यंत्र आलं. जुन्या यंत्राखाली पेशंटला महिना-महिना रोज येऊन पडावं लागे. हे यंत्र तेच काम पाच बैठकांत उरकायचं, आणि प्रत्येक बैठकीचा डोस सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात द्यायचं. डॉक्टर हरखले. पेशंट मात्र रुसले. आटपाडीहून, जतहून दोन-दोन एसट्या बदलून यायचं, टेबलावर पडायचं, 'टक्' असा आवाज व्हायचा आणि कुणीतरी म्हणायचं, झालं, उठा. "झालं कसं? सुई न्हाई, चटका न्हाई, केलंसा तरी काय?" असं म्हणत एक आजोबा टेबलावरून उतरायलाच तयार होईनात. चेहऱ्याच्या आणि डोक्याच्या पेशंटना त्या क्षणी मिटल्या डोळ्यांपुढे काहीतरी निळं लखलखून जातं, हे निवेदितानं त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. तिनं त्याचाच नियम करून टाकला. "निळं दिसलं की बोट वर करा. म्हणजे तुम्हालाही कळेल आणि आम्हालाही." रुसवे संपले. पायावर किंवा पाठीवर गाठ असलेल्यांना काही दिसायचं नाही, त्यांना मात्र याचा भारी हेवा वाटे.

ते निळं म्हणजे भास नव्हता. यंत्रातून सुटणारे इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्याच वेगानं येतात. मोकळ्या पोकळीत प्रकाशाला कुणी मागे टाकू शकत नाही, पण पाण्यात शिरला की त्याचा वेग पाऊणपट होतो. इलेक्ट्रॉन मात्र थोडं अंतर आपल्या जुन्याच तोऱ्यात पळत राहतो आणि पाण्यातल्या प्रकाशाच्या पुढे निघून जातो. नाव लाटांपेक्षा जोरात गेली की तिच्यामागे पाण्याची तिरपी घडी उठते, तशी इथे उजेडाचीच घडी उठते, आणि ती निळी असते. शोधणाऱ्याच्या नावावरून तिला चेरेन्कोव्ह प्रकाश म्हणतात. डोळ्याच्या गोलात पाण्यासारखाच पारदर्शक गर भरलेला असतो. त्यात इलेक्ट्रॉन घुसले की उजेड डोळ्याच्या आतच जन्मतो. पापण्या मिटलेल्या असोत की उघड्या, फरक पडत नाही.

कातडीतूनही हा उजेड झिरपतो, फक्त फार मंद. माणसाला तो दिसत नाही, छताला लावलेल्या कॅमेऱ्याला दिसतो. डोस कुठे पडला आणि किती पडला, हे कॅमेरा त्या उजेडावरून चित्र काढल्यासारखं दाखवतो. त्यासाठी खोली काळीकुट्ट लागते. म्हणून या केंद्रात पेशंटची शेवटची मांडामांड अंधारातच, भिंतींवरून येणाऱ्या बारीक तांबड्या रेषांच्या आधारानं चालायची. आणखी एक पद्धत होती. छातीवरच्या किरणमापक बॅजची क्लिप चमकायची आणि कॅमेऱ्याच्या चित्रात पांढरा ठिपका उमटायचा, म्हणून आत जाताना बॅज दाराबाहेरच्या खुंटीला अडकवायचे. तपासणीला कुणी आलं की बॅज छातीवर, पाहुणे गेले की पुन्हा खुंटीवर. यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही येत नसे.

तर गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला निवेदिता मालनकाकूंच्या उशाशी उभी होती. काकूंच्या उजव्या डोळ्याखाली, गालावर गाठ. त्या डोळ्यावर शिशाची चकती ठेवायची, निळं दिसायचं ते दुसऱ्या डोळ्याला, आणि गाल दोन बोटांनी जरा ताणून रेषेवर आणायचा. काकूंनी घरून कसलंसं कडू तेल लावून आणलेलं, त्याचा वास नाकात गेला आणि निवेदिताला मळमळून आलं. टेबलाच्या कडेला पोट टेकवून, एक हात काकूंच्या गालावर ठेवून तिनं क्षणभर डोळे मिटले.

आणि तिला निळं दिसलं.

फार नाही. कडेला, फिक्कं, आलं तसं गेलेलं. तिनं डोळे उघडले तेव्हा तांबड्या रेषेत काकूंचं बोट वर झालेलं होतं.

"काकू, अजून सुरू नाही केलं," निवेदिता म्हणाली.

"मग मला दिसलं ते?"

"मनाचे खेळ असतात."

"मनाचं आसतं तर दीसभर दिसलं नसतं का?" काकू म्हणाल्या आणि बोट खाली घेतलं.

निवेदिता बाहेर आली, जाड दार लावलं, बटण दाबलं. टक् झालं, पडद्यावर काकूंचा गाल नेमका उजळला, बोट दुसऱ्यांदा वर झालं. सगळं जिथल्या तिथे होतं. उठताना काकूंनी पदर सावरत पुन्हा सांगितलं, "बाई, आज दोनदा दिसलं बघा. तुमचा हात गालावर हुता तवा येकदा, आन् दार लागल्यावर येकदा." निवेदिता हसली, पुढच्या पेशंटला हाक मारली, आणि त्यानंतर नऊ पेशंट तिनं तसेच अंधारात उभं राहून मांडले.

तिला अकरावा आठवडा होता.

हे केंद्रात कुणालाही माहीत नव्हतं. नियम सरळ होता: किरणांजवळ काम करणाऱ्या बाईनं दिवस राहिल्याचं लेखी कळवायचं, म्हणजे तिला यंत्रापासून दूरचं काम मिळतं आणि पोटाशी वेगळा बॅज मिळतो. पण निवेदिताला दोनदा दिवस राहिलेले आणि दोनदा गर्भ गळलेला. पहिल्या खेपेला तिनं सातव्या आठवड्यातच सगळ्यांना सांगितलं होतं, आणि मग सगळ्यांचं सांत्वन ऐकून घ्यावं लागलं होतं. तिसऱ्यांदा तिनं आणि सासूबाईंनी ठरवूनच टाकलं, तीन महिने पुरे होईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. सासूबाई दृष्टीला भीत होत्या. निवेदिता स्वतःला विज्ञानाची बाई म्हणवायची. आपण दृष्टबिष्ट मानत नाही, फक्त लोकांची कीव नको, असं ती नवऱ्याला सांगायची. पण तीही भीतच होती. शिवाय यंत्र चालतं तेव्हा आपण भिंतीआड, मग आत धोका कसला, हे तिनं स्वतःला पटवलं होतं.

दोन वाजता दुपारच्या पाळीची प्रणोती जंगम आली. तिच्याहून चार वर्षांनी लहान, बडबडी, केसांत कायम अबोली. "ताई, तोंड का उतरलंय?" तिनं विचारलं. निवेदिता म्हणाली, उन्हाचं. खोलीची चावी तिच्या हातात दिली, उरलेल्या पेशंटची यादी दिली. निळ्याबद्दल बोलावं असं ओठांवर आलं होतं. पण प्रणोती हजार प्रश्न विचारणारी. डोळे का मिटले होतेस, मळमळलं का, कशानं मळमळलं, आणि मग पोटापर्यंत यायला तिला कितीसा वेळ लागला असता? निवेदिता पर्स घेऊन घरी गेली.

शुक्रवारी ती सव्वासातलाच केंद्रात पोचली. पहिला पेशंट आठचा. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि नुसतं कुढत बसण्यापेक्षा कॅमेऱ्यालाच विचारावं असं तिनं ठरवलं होतं.

उपचाराच्या आधी, खोलीतले दिवे गेले की कॅमेरा अर्धा मिनिट नुसत्या काळोखाची चित्रं घेतो. खोलीत कितपत काळोख आहे हे त्याला कळावं म्हणून. मग उपचाराच्या चित्रातून तो काळोख वजा करतो, आणि उरतो तो डोसचा उजेड. काळोखाच्या या चौकटी साठवलेल्या असतात, पण त्या कोण कशाला बघणार? निवेदितानं गुरुवारची फाइल उघडली. अकरा वाजून चार मिनिटं. काळी चौकट. काळी. काळी. काळी.

मग एक चौकट काळी नव्हती.

मालनकाकूंचा गाल त्यात राखी-पांढरा उमटला होता. त्या गालावर एक हात होता. पाचही बोटं स्पष्ट होती, अंगठीच्या जागी काळी पट्टी, मनगटापर्यंत सगळा हात आतून दिवा लावल्यासारखा. मनगटापुढे बाही सुरू झाली आणि चित्र संपलं. टेबलाच्या कडेला जिथे तिचं पोट असायला हवं तिथे काहीच नव्हतं. कापडातून उजेड बाहेर येत नाही. पोटावर काही पडलं की नाही, किती पडलं, ते या चित्रातून कळायला मार्गच नव्हता.

तिनं मागच्या चौकटी मोठ्या करून, उजळून पाहिल्या. ज्या काळ्या वाटत होत्या त्याही पुऱ्या काळ्या नव्हत्या. प्रत्येकीत गाठीच्या जागी अगदी पुसट, धुरकट डाग होता. दर चौकटीत. दर पेशंटच्या वेळी. ती मागे मागे जात राहिली. सोळा कामाच्या दिवसांआधीच्या चौकटींत तो डाग नव्हता. त्यानंतरच्या प्रत्येकीत होता.

तांबोळी सर पावणेआठला आले. रफिक तांबोळी हे केंद्राचे भौतिकशास्त्रज्ञ, पन्नाशीचे, मिरजेचे. निवेदिताला हे यंत्र त्यांनीच शिकवलं होतं. तिनं पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, आणि खुर्चीत बसले.

"डार्क करंट," ते शेवटी म्हणाले.

"सर, गन बंद होती."

"गन बंदच होती. म्हणूनच तर मी सही केली." त्यांनी कपाळ चोळलं. "हे बघ. गन इलेक्ट्रॉन सोडते आणि मायक्रोवेव्ह त्यांना ढकलून वेग देतात, बरोबर? आधी दर पेशंटला आपण दोन्ही बंद करायचो. पुन्हा तापायला चार मिनिटं जायची. यादी चाळिसावर गेली, लोक संध्याकाळपर्यंत ताटकळायला लागले. कंपनीचा इंजिनिअर म्हणाला, मायक्रोवेव्ह चालूच ठेवू, नुसती गन बंद करू. दार उघडलं की गन आपोआप बंद होतेच. इलेक्ट्रॉनच नाहीत तर ढकलणार कुणाला? मलाही पटलं, सोळा दिवसांपूर्वी त्या बदलावर सही केली."

"मग?"

"पण या यंत्रातला मायक्रोवेव्हचा जोर जुन्या यंत्रांच्या कितीतरी पट आहे. एवढ्या जोरात आतल्या तांब्याच्या भिंतीच स्वतःहून इलेक्ट्रॉन सोडतात. थोडे, थेंब-थेंब. तेही ढकलले जातात आणि बाहेर येतात. आणि कधीतरी भिंतीवर ठिणगी पडते, तेव्हा थेंब नाही, ओंजळभर." ते त्या पांढऱ्या हाताकडे बघत होते. "भिंतीवरचा मीटर असला झटका, केवढाही मोठा असला तरी, एकच म्हणून मोजतो. तो गप्प. बॅज खुंटीवर. आणि कॅमेऱ्याला दिसलं, तर त्यानं ते काळोख समजून रोज पुसून टाकलं."

सोळा दिवस यंत्र सांडत होतं आणि सगळ्यांच्या नाकासमोर सांडत होतं. निवेदिताला ओरडावंसं वाटलं. पण समोरचा माणूस तिच्यापेक्षा जास्त घाबरलेला दिसत होता, आणि त्याच्यावर ओरडून काय मिळणार होतं?

यंत्र त्याच मिनिटाला बंद झालं. बाहेरच्या पेशंटना बिघाड आहे म्हणून सांगितलं. मालनकाकूंची एक बैठक राहिली होती, त्या पिशवी उचलून एसटीच्या थांब्याकडे गेल्या. दुपारच्या पाळीला येऊ नकोस, असा निरोप प्रणोतीला धाडला. पेशंटना त्यांच्या ठरलेल्या डोसपुढे हे जादाचं म्हणजे चिमूटभर, त्यांची मी एकेकाची मोजणी करतो, असं तांबोळी म्हणाले. "काळजी आहे ती तुमची. तुम्ही रोज वीस-वीस वेळा तिथे उभ्या होता. आधी मोजू. पुतळा उभा करतो, फिल्म लावतो."

फिल्म म्हणजे पिवळसर पारदर्शक तुकडे. किरणं लागली की ते निळे पडतात, आणि किती निळे पडले यावरून डोस कळतो. झटका कितीही क्षणिक असो, फिल्म फसत नाही. फक्त रंग नीट बसायला चोवीस तास थांबावं लागतं. तांबोळींनी माणसाच्या मापाचा प्लास्टिकचा पुतळा टेबलाशी, निवेदिता उभी राहते तसा, उभा केला आणि फिल्मचे तुकडे चिकटवायला घेतले. एक हातावर. एक डोळ्यापाशी. एक गळ्यापाशी.

"झालं," ते म्हणाले. "अजून कुठे हवी?"

निवेदितानं एक तुकडा स्वतःच उचलला आणि पुतळ्याच्या बेंबीखाली चार बोटांवर धरला. चिकटपट्टी तिच्या हातून लागेना. तांबोळींनी ती लावली. लावता लावता त्यांचा हात थांबला.

"किती आठवडे?"

"अकरावा."

त्यांनी पट्टीची कड दाबून बसवली. त्यांना दोन मुली होत्या, थोरलीचं नुकतंच बाळंतपण झालं होतं. केंद्रात पेढे वाटलेले निवेदिताला आठवत होते. "मला कळवायचं होतंस गं," एवढंच ते म्हणाले. रागावून नाही. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

दुपारी एकपर्यंत त्यांनी वीस खोट्या पेशंटची मांडामांड केली. दिवे घालवायचे, मायक्रोवेव्ह चालू, दोन मिनिटं थांबायचं, बंद. वीस वेळा. निवेदिता भिंतीआड बसून त्या पुतळ्याकडे पडद्यावर बघत होती आणि दर खेपेला आपणच आत उभ्या आहोत असं तिला वाटत होतं.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं. अभय आयटीआयत वायरमनचा वर्ग शिकवायचा. त्यानं सगळं ऐकलं, दोनदा विचारून नीट समजून घेतलं, आणि मग गच्चीवरचे वाळलेले कपडे काढायला गेला. तो बराच वेळ आला नाही म्हणून ती वर गेली. तो एकच टॉवेल घड्या घालत होता आणि मोडत होता.

"आकडा कधी?"

"उद्या दुपारी."

"किती आला की वाईट?"

"पोटातला डोस शंभर मिलिग्रेच्या खाली असेल तर मूल व्यंगाचं होण्याची भीती फारशी धरत नाहीत. वर असेल तर..." तिनं परीक्षेसाठी हे पाठ केलं होतं. आठवा ते पंधरावा आठवडा, मेंदू घडत असतो. तेव्हा त्यावर पाच मार्कांचा प्रश्न आला होता आणि तिला साडेचार मिळाले होते. "वर असेल तर विचार करावा लागेल."

"रिपोर्टात तुझं नाव येणार?"

"नाव आणि पोटाचं लिहायचं की नाही ते माझ्यावर आहे. सर म्हणाले, तुला नको असेल तर मी नुसतं 'एक कर्मचारी' लिहितो."

"मग तसंच लिहू दे की," अभय म्हणाला. "दोन आठवडे तर राहिलेत तीन महिन्यांना. आता कुणाला कळायला नको. आईला तर नकोच." त्यानं टॉवेल खाली ठेवला. "दोनदा झालंय, निवी. तिसऱ्यांदा सगळ्या गावाला सांगून रडायचं का आपण?"

तिला त्याचं पटत होतं. पटत होतं म्हणूनच भीती वाटत होती. गप्प बसण्याची सवय इतकी अंगवळणी पडली होती की याही वेळी तेच सगळ्यांत सोपं वाटत होतं. ती गप्प बसली नसती तर पाचव्या आठवड्यालाच यंत्रापासून लांब गेली असती. मळमळ तिला बाहेरच्या टेबलापाशी झाली असती.

शनिवारी दुपारी एक वाजता तांबोळींनी फिल्मचे तुकडे स्कॅनरवर मांडले. हाताचा गडद निळा होता. पोटाचा तिला आधी पिवळाच वाटला. मग शेजारी कोरा तुकडा ठेवला तेव्हा दिसलं, तोही निळसर होता.

"वीस मांडामांडींना दोन पूर्णांक एक मिलिग्रे," तांबोळी म्हणाले. "सोळा दिवसांचे चौतीस होतात."

"शंभरच्या खाली."

"ही रोजची गळती. गुरुवारची ठिणगी वेगळी." त्यांनी कागद पुढे केला. हाताच्या चित्रातला उजेड मोजून, त्यावरून पोटापाशी किती पोचलं असेल याचा त्यांनी अंदाज बांधला होता. रात्रभर जागून बांधला असावा. "पंधरा ते चाळीसच्या दरम्यान. याहून नेमकं मला सांगता येत नाही. कुणालाच येणार नाही."

तिनं बेरीज केली. एकोणपन्नास ते चौऱ्याहत्तर. शंभरच्या खाली. तिला वाटलं होतं, खालचा आकडा आला की आपण रडू आणि सुटू. पण चौऱ्याहत्तर हा आकडा शंभरच्या किती जवळ होता, तेच तिला दिसत राहिलं. डॉक्टरांच्या भेटी, सोनोग्राफ्या, आणि प्रत्येक वेळी श्वास धरून बसणं. आता सहा महिने हेच. आणि मूल झाल्यावरही, ते उशिरा बोलायला लागलं तरी तिला हेच आठवणार.

"सर, रिपोर्टात माझं नाव घाला. आणि आठवडेही."

"नक्की?"

"नक्की. आणि मी स्वतः सगळ्यांना सांगणार आहे. आजच."

दोन वाजता बैठक होती. डॉक्टर, नर्स, दोन्ही पाळ्यांचे लोक, सगळे मिळून अकरा जण. तांबोळींनी यंत्राचं सांगितलं, सही आपली होती हेही सांगितलं, आणि बॅज खुंटीला अडकवणं आजपासून बंद म्हणाले. मग निवेदिता उभी राहिली.

"मला अकरावा आठवडा आहे," ती म्हणाली. "मी कळवलं नव्हतं. तीन महिने कुणाला सांगायचं नाही म्हणून. गुरुवारी मालनकाकूंना मी आत असताना निळं दिसलं, आणि मलाही दिसलं. हे सगळं रिपोर्टात जाणार आहे. मी सांगितलं असतं तर..."

ते वाक्य तिला पुरं करता आलं नाही. सिस्टर उठल्या आणि त्यांनी पाण्याचा पेला तिच्यासमोर ठेवला. हळूहळू खुर्च्या सरकल्या, लोक खालच्या आवाजात बोलत बाहेर पडले. प्रणोती मात्र जागची हलली नाही. तिचे दोन्ही हात मांडीत होते आणि ती त्यांच्याकडेच बघत होती.

"ताई," ती म्हणाली. "मला सातवा आठवडा आहे."

निवेदिताला आधी अर्थच लागला नाही. मग लागला.

"आमच्या सासूबाईंनी सांगितलंय, तीन महिने कुणाला बोलायचं नाही," प्रणोती म्हणाली. तिच्या आवाजात कसलाच चढउतार नव्हता. "गुरुवारी दोन वाजता तू मला चावी दिलीस. तेव्हा तुला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं."

"पण निळं दिसलं होतं."

"हो."

"मग मला का नाही बोललीस?"

निवेदितानं काय काय सांगता येईल ते शोधून पाहिलं. खात्री नव्हती, भास वाटला, ऊन होतं. सगळं खरं होतं आणि कशाचाच उपयोग नव्हता. "तू कारण विचारलं असतंस," ती म्हणाली. "मला पोटाचं सांगावं लागलं असतं. भीती वाटली."

प्रणोतीनं मान हलवली. ती मान्य केल्याची होती की नुसती हलली, हे कळलं नाही. खिडकीबाहेर माळावर ऊन रणरणत होतं. तांबोळी दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी ऐकलं होतं, आणि आत यावं की नाही हे त्यांना समजत नव्हतं.

"सर म्हणाले, ठिणगी पडली की चौकटीत दिसते," प्रणोती म्हणाली. "गुरुवार दुपारच्या चौकटी बघितल्यास?"

"नाही. मी फक्त माझ्याच सकाळच्या बघितल्या." हे बोलताना निवेदिताला स्वतःची लाज वाटली, आणि ती तिनं लपवली नाही.

"चौदा पेशंट होते," प्रणोती उठली. कंट्रोल रूममध्ये जाऊन ती पडद्यासमोर बसली आणि तिनं माउसवर हात ठेवला, पण फाइल उघडेना. तिनं मागे वळून पाहिलं.

"बस ना जवळ," ती म्हणाली. "मला एकटीला नाही बघवणार."

निवेदितानं खुर्ची तिच्या खुर्चीला लावून ओढली आणि तिचा दुसरा हात आपल्या हातात घेतला. प्रणोतीनं बटण दाबलं. दोन वाजून सात मिनिटं, पहिला पेशंट. दोघी पडद्यावर वाकल्या.